पायापुरता ड्रायव्हर

मेंढीचं मुंडकं समोर असताना माणसानं बोलू नये. व्याह्यांनी मानाच्या जागेवर बसवलं, पुढ्यात उकडलेलं मुंडकं ठेवलं, की शहाण्या माणसानं कान कापून पोराटोरांना द्यावा आणि गुपचूप खायला लागावं. मी बोललो. आज आमच्या तालुक्यात माझ्याकडे बघून लोक पाय आपटून दाखवतात, त्याचं मूळ तिथे आहे.

प्रसंग आमच्या मुलाच्या, सेयितच्या सोयरिकीचा. मुलगी कोचकोरची, नाव मीरिम. पोरगी गुणाची, पोराला आवडलेली, आम्हालाही पसंत. सगळं जमलं होतं. विहीणबाई चहा ओतता ओतता सहज म्हणाल्या, "थोरलीला तिच्या सासरच्यांनी पांढऱ्या जीपमधून नेलं हो. अख्खी गल्ली बघत होती."

"आम्ही लाल गाडीतून नेऊ," मी म्हणालो.

इथवर ठीक होतं. आमच्या पाटबंधारे कचेरीत साहेबांच्या भाच्याची एक लालसर गाडी आहे, ती मागून आणता आली असती. पण विहीणबाई नुसत्या "हो का?" म्हणाल्या, आणि तेही किटलीकडे बघत. जिभेला हाड नसतं. (मुंडक्यातल्या जिभेलाही नव्हतं, पण ती बिचारी गप्प होती.) मी म्हणालो, "लाल स्पोर्ट्स कार! दोन दारांची!"

झालं. व्याही कापार यांचे वडील कोपऱ्यात डुलक्या घेत होते, ते खडबडून जागे झाले. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि लाल गाडी सुखरूप येवो, लाल गाडीतून नात सुखरूप जावो, असा भलाथोरला आशीर्वाद दिला. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवून "ओमिन" म्हटलं. मीसुद्धा म्हटलं. म्हाताऱ्यांनी आशीर्वाद दिल्यावर शब्द मागे घेणं म्हणजे त्यांच्या दाढीला हात घालणं.

परतीच्या बसमध्ये आमच्या सौ., बेर्मेत, बोओम घाट संपेपर्यंत खिडकीतून नदी बघत बसल्या. मग म्हणाल्या, "अहो, स्पोर्ट्स म्हणजे काय असतं ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

"वेगात जाते ती."

"आपल्याकडे वेगात जाणारी एकच वस्तू आहे. घोडी."

शेवटी ती घोडीच गेली. तोकमोकच्या बाजारात एका माणसाकडे लाल, दोन दारांची, जपानी स्पोर्ट्स कार होती, आणि त्याला घोडी हवी होती. "समोरून जराशी लागलीय," तो म्हणाला. मी गाडी मागून बघितली. काय सुंदर दिसत होती! बाजूनं बघितली, दार उघडून लावून बघितलं. समोर जायचं मनात होतं, पण तेवढ्यात त्यानं हातात हात घेतला आणि व्यवहार झाला. नंतर समोर गेलो तर समोर असं काही नव्हतंच. गाडी खडकावर आदळली होती आणि दिव्यांच्या जागी खडकाचा ठसा होता.

ट्रकमधून उतरवल्यावर बेर्मेतनं गाडीला एक फेरी मारली. "पुढचा भाग दुसऱ्या खेपेला येणार आहे का?"

स्तेपानिच मेकॅनिकला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडायचा प्रयत्न केला, ते उघडलं नाही, तर खाली वाकून बघितलं. "इंजिन फुटलंय. स्टिअरिंगचा चुराडा आहे. दुसरं इंजिन आणून बसवायचं म्हणजे चार महिने."

"लग्न महिनाअखेरीला आहे हो!"

"मग लग्न पुढे ढकला. नाहीतर गाडी ढकला."

सेयित हे सगळं ऐकत होता. तो माझ्यासारखा बडबड्या नाही. एवढंच म्हणाला, "बाबा, मीरिमच्या आजोबांनी गावभर सांगितलंय. गाडी आली नाही तर तिला मान वर करून निघता येणार नाही. मग ती निघेल की नाही, मला माहीत नाही." आणि आत निघून गेला. पोराचं लग्न एका मुंडक्यापायी मोडायची वेळ आली होती, आणि ते मुंडकं मेंढीचं नव्हे, माझं.

"अशर घालू," मी म्हणालो.

घर बांधायचं असलं, की आमच्यात सगळं गोत गोळा होतं. भिंती कोणी, छप्पर कोणी, पगार कोणी मागत नाही. यजमानानं जेवू घालायचं. अशरमध्ये घर उभं राहतं, तर गाडी का नाही? घराला तर चाकंही नसतात! (हा युक्तिवाद त्या वेळी मला बिनतोड वाटला होता.) बेर्मेतनं कपाळाला हात लावला आणि कढई घासायला घेतली.

शनिवारी सकाळी अंगण भरलं. एका बाजूनं इमानकुल काका आले, वडिलांचे थोरले भाऊ. सामुदायिक शेतीच्या काळात ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडवर त्यांचं राज्य होतं. दुसऱ्या बाजूनं जुमाश मामा आले, आईचे भाऊ. त्यांनी आयुष्यभर गावोगाव पाव पोचवणारी व्हॅन चालवली. या दोघांचं कोणत्याही गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. माझ्या आईवडिलांच्या लग्नात पुलावात गाजर किती घालायचं यावरून जुंपली, ती अजून चालू आहे.

"माझ्या पावाच्या गाडीचं इंजिन देतो," मामा म्हणाले. "व्हॅनचा पत्रा गंजून गेला, पण इंजिन वाघ आहे. डिझेल! मात्र मी सांगेन तसं बसवायचं. पेडलंबिडलं सगळी मी बघणार. तुरात, पेडलं आहेत तिथेच उजवीकडे ठेवायची ना?"

"हो मामा," मी म्हणालो.

मी चहा आणायला वळलो, तर काकांनी खांद्यावर हात ठेवला. "आतलं काम माझ्याकडे. जपान्यांनी स्टिअरिंग उजवीकडे का लावलं कोणास ठाऊक. आपण डावीकडे घेऊ, माणसानं माणसासारखं बसावं. काय रे?"

"हो काका," मी म्हणालो.

तुम्ही म्हणाल, हा माणूस गाढव आहे. पण दोघंही वडीलधारे! थोरल्यांना 'नाही' म्हणायला आमच्यात दाढी पिकावी लागते. माझी तर अजून धड उगवतही नाही. आणि खरं सांगू का, स्टिअरिंग आणि पेडलं यांचा एकमेकांशी काही संबंध असतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या लावणारा कारकून. एक पाळी याची, एक पाळी त्याची, अशीच मला सवय.

दिवसभर काय गोंधळ चालला म्हणता! मामांची माणसं पुढून घुसलेली, काकांची दारातून. मध्ये इंजिन, त्यामुळे कोणाला कोण दिसेना. पावाच्या गाडीचं इंजिन उंच, ते मावेना. मग बॉनेटला भोक पाडलं. वायरी कोणाच्या कोणाला जोडायच्या ते कळेना, म्हणून व्हॅनच्या सगळ्या वायरी भोंग्यासकट उचलून आत कोंबल्या. मी दोन्हीकडे पाने-पकडी पुरवत होतो आणि दोन्हीकडून शिव्या खात होतो. आत बेर्मेत आणि शेजारणी पुलाव, चहा, परत पुलाव. कलत्या उन्हात मामांनी चावी फिरवली. इंजिन खोकलं, काळा धूर काढला आणि धडधडायला लागलं! टाळ्या, शिट्ट्या, गळाभेटी. काका आणि मामा पहिल्यांदाच एका चटईवर बसून चहा प्यायले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (थोडं धुरानंही.)

"बस रे तुरात! मालकानं पहिला फेरा मारायचा!"

मी ऐटीत डाव्या बाजूला बसलो. स्टिअरिंग धरलं. पाय पुढे केला. काही लागेना. आणखी लांब केला. मला वाटलं, आपले पाय आखूड पडले. सीट पुढे ओढली, खाली सरकलो, इतका सरकलो की बाहेरच्यांना मी दिसेनासा झालो. गालिचा चाचपला. ब्रेक नाही, क्लच नाही, काही नाही. मी गोंधळून वर आलो तर दुसऱ्या दारातून बेर्मेत आत वाकून बघत होती.

"इकडे आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"तिन्ही पेडलं. या बाजूला."

स्तेपानिच कुंपणावरून बघत होता, तो तोंड वळवून खोकायला लागला. मग काका सावकाश मामांकडे वळले आणि मामा सावकाश काकांकडे.

"माझ्या पेडलांना हात लावलात, तर इंजिन काढून घेऊन जाईन," मामा म्हणाले.

"माझं स्टिअरिंग हाललं, तर लग्नात माझी सावली दिसणार नाही," काका म्हणाले.

म्हणजे एकाचं काढा, की दुसऱ्याचा विजय आणि पहिल्याचा अपमान. पेडलं काढली तर गाडी गेली. स्टिअरिंग काढलं तर काका गेले, आणि लग्नात थोरले काका नाहीत म्हटल्यावर व्याही काय म्हणतील? बरं, नवरदेवानं स्वतःच्या लग्नात गाडी हाकायची नसते. काकांना बसवावं तर मामा रुसणार, मामांना बसवावं तर काका. मी बाजेवर डोकं धरून बसलो.

"उठा," बेर्मेत म्हणाली. "तुम्ही पाय द्या, मी हात देते. आजवर संसारात वेगळं काय केलंय?"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही गावाबाहेरच्या माळावर सराव सुरू केला. ती डावीकडे स्टिअरिंगवर, मी उजवीकडे पेडलांवर, आणि गिअरचा दांडा बरोबर दोघांच्या मध्ये. तो कोणाचा यावरून पहिला दिवस गेला.

"दाबा!"

"काय दाबू?"

"ते हो! मधलं!"

"मधलं म्हणजे तुझ्याकडून मधलं की माझ्याकडून?"

"मधलं कोणाकडूनही मधलंच असतं! दाबाऽऽ!"

मी घाईघाईत शेजारचं दाबलं. आम्ही गवताच्या गंजीत शिरलो, आणि बराच वेळ आत शांत, उबदार अंधार होता.

"घोडी निदान एकट्याला चालवता यायची," अंधारातून आवाज आला.

पण जमलं. कोपर एकदा मारलं तर ब्रेक, दोनदा मारलं तर वेग, चिमटा काढला तर क्लच. माझा डावा दंड निळा पडला, पण गाडी सरळ जायला लागली. बॉनेटच्या भोकावर कापडी फुलांचा मोठा गुच्छ बांधला. धूर फुलांतून यायचा, पण लांबून शोभायचा.

लग्नाच्या दिवशी आम्ही कोचकोरला पोचलो, तेव्हा मी मांडीवरून पायांपर्यंत माझा हिवाळी कोट पांघरला होता. गल्लीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. आजोबा सर्वांत पुढे. गाडी बघून त्यांनी डोळे पुसले. व्याही कापार धावत आले आणि थबकले.

"व्याही, गाडी विहीणबाई चालवतात?"

"हो," मी म्हणालो. "तिला हौस आहे. माझे गुडघे धरलेत हो, म्हणून हा कोट."

"भर उन्हाळ्यात?"

"वातच तसा आहे."

मीरिम मान वर करून गाडीत बसली. मागच्या सीटवर ती, तिचा झगा आणि उरलेल्या फटीत सेयित. आम्ही निघालो. पुढच्या गाडीच्या खिडकीतून व्याह्यांचा पुतण्या अर्धा बाहेर लोंबकळत आमची फिल्म काढत होता. लग्नात काढतातच, माझं तिकडे लक्षही नव्हतं. मला लक्ष द्यायला बोओम घाट होता.

काय सांगू तो घाट! एका बाजूला कडा, एका बाजूला नदी, समोरून ट्रक, आणि मी रस्ता न बघता नुसतं कोपर जोखतोय. एक टोला: ब्रेक. चिमटा: क्लच. दोन टोले: वेग. एका वळणावर अख्खा कळप आडवा आला, तेव्हा टोला, चिमटा, टोला, टोला असं काहीतरी एकदमच बसलं आणि मला काहीच उमगेना, म्हणून मी तिन्ही पेडलांवर नाचलो. गाडी थांबली. एक मेंढी फुलांचा गुच्छ हुंगून गेली.

"पावाचा छान वास येतोय," मीरिम मागून म्हणाली. "जवळ कुठे भट्टी आहे का?"

"इंजिन तापलंय," सेयितनं खरं ते सांगून टाकलं. ती हसली. तिला वाटलं, थट्टा आहे.

गावात शिरताना बेर्मेतनं आनंदानं भोंगा वाजवला. तो व्हॅनचा भोंगा! घराघरांतून बायका पिशव्या घेऊन धावल्या. त्यांनी रस्ता अडवला, आणि पाव नाही, सून आहे, हे कळल्यावर त्यांनाच इतका आनंद झाला, की पिशव्या टाकून नाचायला लागल्या. आमच्या दारात सुनेच्या डोक्यावर पांढरा रुमाल घातला, तिच्यावर गोळ्या-मिठाई उधळली, काका आणि मामा दोघंही हजर होते. शब्द राहिला. पोराचं लग्न राहिलं. मी कोपऱ्यात उभा राहून निळा दंड चोळत होतो, आणि मनातून इतका खूश होतो, की सांगता सोय नाही. हात कोणाचेही असोत, बोओम घाटात गाडी थांबवली ती मी!

जेवणं चालू असताना पलीकडच्या चटईवर हशा पिकला. व्याह्यांचा पुतण्या फोन फिरवत होता. मीही हसत हसत डोकावलो. काचेतून आमची दोघांची छबी स्पष्ट दिसत होती. बेर्मेत शांतपणे, राणीसारखी स्टिअरिंग फिरवतेय; आणि शेजारी मी, डोळे बटाट्याएवढे, तोंड उघडं, कोटाखाली दोन्ही पाय थयाथया आपटतोय. मेंढ्या आडव्या आल्या तिथे तर मी सीटवरून उडत होतो.

"अहो, एवढे का घाबरता?" व्याह्यांनी पाठीवर हात ठेवला. "बाई किती छान चालवतात!"

मी तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. मामांनी बघितलं. 'ब्रेक मी मारत होतो' असं म्हटलं, की पेडलं निघणार, स्टिअरिंग निघणार, पावाची गाडी निघणार, घोडी निघणार. मी तोंड मिटलं.

"लहानपणापासूनच भित्रे आहेत," बेर्मेत म्हणाली आणि मला चहा दिला.

पुढच्या आठवड्यात विहीणबाई कोचकोरहून एका जाणत्या आजीला घेऊन आल्या. भीती उतरवायला! मला ओसरीवर बसवून डोक्यावर चादर धरली आणि वर वाडग्यातल्या पाण्यात वितळलेलं शिसं ओतलं. चर्रर्र आवाज झाला आणि मी खरोखर घाबरलो.

"बघा, केवढी भीती निघाली!" आजी शिशाचा गोळा न्याहाळत म्हणाली. "बायको चालवते तेव्हा हा काय करतो?"

"पाय आपटतात," बेर्मेत म्हणाली.

"आणि ती गाडीत नसेल तेव्हा?"

"तेव्हा गाडी हालतच नाही," मी चादरीखालून म्हणालो. आजीनं आणखी थोडं शिसं ओतलं.

मग मीरिमच्या माहेरपणाचा दिवस आला. पहिलंच माहेरपण, लाल गाडीतूनच जायला हवं. मी कोट घेऊन गाडीत टाकला, तोच सून अदबीनं पुढे आली.

"बाबा, तुम्ही नका येऊ. तुम्हाला त्रास होतो. मी बसते आईंच्या शेजारी."

"नाही नाही! मला काही होत नाही!"

"बघितलंय मी मागून," ती मायेनं म्हणाली आणि उजव्या दारातून आत बसलीसुद्धा.

मी बेर्मेतकडे बघितलं, बेर्मेतनं आभाळाकडे. झालं, संपलं! आता कोट उचलणार, पेडलं दिसणार, आणि कोचकोरात आमची वरात निघणार. मीरिमनं कोट बाजूला केला. खाली बघितलं. मग सासूच्या हातातल्या स्टिअरिंगकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि कोटाची घडी करून खिडकीतून माझ्या हातात दिली.

"बाबा, हा राहिला होता."

तिनं चपला काढल्या, झगा गुडघ्यांखाली खोचला. "आई, वडिलांच्या ट्रॅक्टरवर शिकलेय मी. कोपर नका मारू, तुमचा हात बघून कळेल मला." आणि गाडी हालली! गचका नाही, खोकला नाही, फुलांतून धूरसुद्धा जेमतेम. फाटकातून वळून अशी गेली, जशी लोण्यातून सुरी. काका आणि मामा कुंपणाशी उभे होते, ते एकदमच "वा!" म्हणाले. हे त्यांचं पहिलं एकमत.

संध्याकाळी बेर्मेतचा फोन आला. "पोचलो. अहो, गाडी वाटेत एकदाही बंद पडली नाही. मला वाटायचं, इंजिनातच काहीतरी खोट आहे."

"मग?"

"काही नाही. जेवून घ्या," ती म्हणाली.

तेव्हापासून दोघी पुढे बसतात आणि मी मागे. वळण आलं, की माझे पाय आपोआप उचलले जातात, पण मागे त्यांना हालायला जागा नाही. तेवढ्यावरून गावात बोलवा झाली आहे, की कोचकोरच्या आजीचा शिशाचा उतारा माझ्यावर फार छान लागू पडला.